कमान कुठं थांबते

सौदीत, अल-खोबरला दर गुरुवारी संध्याकाळी सतीशच्या फ्लॅटवर आमची गाण्याची बैठक जमायची. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत किश्श्यांचा! चपला ज्याच्या त्याच्या पायात परत गेल्या, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले.

सतीश ऑफिसात पाइपलाइनी डिझाइन करायचा. घरी मात्र सासूबाईंच्या अंगाया कॉम्प्युटरवर नोटेशनमध्ये उतरवत बसायचा. बायकोला, म्हणजे वसुधाला, दिवस गेले होते आणि बाळंतपणासाठी तिच्या आई मिरजेहून येणार होत्या. त्यांचा गळा आता साथ देत नव्हता. म्हणून वसुधाचा हट्ट, "आईची अंगाई आईसारखीच कागदावर यायला हवी. ती हो म्हणेल तेव्हाच खरं!"

\* \* \*

घोडं अडलं कमानीपाशी. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असलं की सुरांच्या डोक्यावर कमान काढतात. सॉफ्टवेअर ती आपली ठरावीक, गोल काढायचं. वसुधा म्हणे, "आई अशी जात नाही. वर चढते, जरा थांबते, मग उतरते."

झालं! त्या थांबण्यासाठी सतीश स्कीम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसला.

मी म्हटलं, "अरे, पेनानं काढ ना!"

"पेनानं एक निघेल. फंक्शन, म्हणजे कमानीचं सूत्र, लिहिलं की आईंच्या सगळ्या निघतील!"

\* \* \*

एकदा त्याचं अधिक-उणे चुकलं. पानभर कमानी खाली लोंबायला लागल्या, दोरीवरच्या ओल्या साड्यांसारख्या. वसुधानं प्रिंट पाहिली आणि म्हणाली, "आईला बरं नाहीये का?"

\* \* \*

फंक्शन जमेना, तसा तो वसुधाकडून अंगाईची तीच ओळ पुन्हापुन्हा गाऊन घ्यायचा. शेवटी खालची केरळची शेजारीण मिठाई घेऊन वर आली. "बधाई हो! बच्चा कब हुआ?"

वसुधा वैतागून म्हणाली, "बच्चा नहीं, अभी फंक्शन भी नहीं हुआ!"

\* \* \*

एक पान चुकून ऑफिसच्या ड्रॉइंग्जमध्ये गेलं. इजिप्शियन बॉसनं सगळ्यात लांब कमानीवर लाल पेनानं शेरा मारला, "एवढ्या लांब पाइपला सपोर्ट कुठे आहे? यल्ला, चला, रिवाइज!"

सतीशनं घरी येऊन तपासलं. कमान खरंच एक सूर जास्त लांब गेली होती!

\* \* \*

आणि आई आल्या. गुरुवारी आम्ही सगळे हजर. सतीशचा चेहरा तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. त्यानं पान पुढं ठेवलं, वसुधा गायला लागली. आईंना नोटेशन वाचता येत नव्हतं, पण कमानीवरून त्यांचं बोट सुरांबरोबर चालायला लागलं. वर चढलं. थांबलं. उतरलं. आम्हाला फार बरं वाटलं.

वसुधानं भीतभीत विचारलं, "आई, तो मधला थांबा बरोबर आलाय ना गं?"

आईंनी चष्मा काढला. "बरोबर आलाय की! पण तो गाण्यातला नव्हे, बाई. तिथं मी वाकून बघायचे, तू झोपलीस का ते!"