मोरीचा वास घेणारा माणूस

राज्यांची फेरवाटणी झाली, माझं नागपूर मुंबई राज्याकडे गेलं आणि नोकरीपायी मी मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपुरातच भाड्याच्या खोल्यांत राहिलो. स्वयंपाकघरातली मोरी अशी घाणायची, की बायको नाकाला पदर बांधून पोळ्या लाटायची. घरमालक शेठ मानेना. शहानिशेला त्याने एक माणूस पाठवला.

त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, टोपी काखेत धरली, मोरीपाशी उकिडवा बसला आणि अत्तर हुंगावं तसा डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"काहीच नाही, भाऊ. एकदम साफ."

पाठीमागे चुलीवर दूध करपून धूर झालेला, तरी तो ढिम्म. बायकोने संतापून विचारलं, "दादा, तुम्हाला वास येतो तरी का?"

"नाही बाई. तापात गेला, बरीच वर्षं झाली."

"मग शेठनी तुम्हालाच का पाठवलं?"

"ज्याला येतो, तो भाडेकरूची बाजू घेतो ना!"

हसावं की मोरीत डोकं घालावं, मला कळेना.

उंबऱ्यात तो थांबला. "पण येतो कसा, ते सांगा ना."

बायकोने सगळा राग काढला. सडलेलं केळीचं खोड, त्यात मेलेली घूस, वर आंबलेलं ताक. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

शेठला त्याने ते भलतंच रंगवून सांगितलं असावं. दुसऱ्याच दिवशी गवंडी येऊन मोरी खोदू लागला.

काही दिवसांनी तो पुन्हा येऊन मोरीपाशी बसला. "आता कसा येतो?"

"आता नाही येत," बायको म्हणाली.

"म्हणजे तुम्हालाही नाही!" म्हणत तो गाववाला भेटल्यासारखा हसला.