तिची कडक उशी

उशी धुणं म्हणजे काय, हे आजच्या लोकांना ठाऊक नाही. अभ्रा काढला, बादलीत बुचकळला, परत चढवला, झाली म्हणे उशी स्वच्छ. आतला कापूस घामानं गोळा होऊन पडलाय, ते कोण बघतो? आता तर फोमच्या उश्या आल्या. उन्हात ठेवल्या तर पिवळ्या पडतात, ओल्या झाल्या तर आठ दिवस गळतात. गावभर कापूस पिकतो आणि हे लोक पैसे देऊन स्पंज डोक्याखाली घेतात. असल्या डोक्यांना स्पंजच बरा.

माझी बायको दरसाल आखाजीच्या सणाआधी उश्या उसवायची. खोळी सोड्याच्या पाण्यात उकळायची. कापूस खाटेवर पसरून दोन दिवस ऊन द्यायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून जुनं लुगडं टाकायची. मग शहाद्याच्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणायची. टाके इतके बारीक घालायची की मुंगी आत जाणार नाही. माझी उशी हलकी फूल. तिची मात्र टणक. एकदा चुकून तिच्या उशीवर डोकं ठेवलं आणि ओरडलो, "दगडवर झोपस का तू?"

"मले कडकच बरी वाटस," ती म्हणाली.

मी गल्लीत सांगत फिरलो, हिचं डोकं दगडाचं, म्हणून उशी बी दगडाची. लोक हसले. मीही हसलो.

ती गेली तेव्हा भाऊबंद म्हणाले, मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. पंगतीला सगळ्यात आधी बसणारे हे लोक मला रीत शिकवणार! गोधडी दिली काढून. उशी दिली नाही. तिच्यावर बसून राहिलो, उठलोच नाही. त्या उशीला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. तो कुणाला काय खात होता?

सुनेला खात होता. एक दिवस शेतातून आलो तर उशी मशीनमध्ये गरगर फिरतेय, आणि सोबत दोन रबरी चेंडू.

"आबा, वास मारी ऱ्हायनी व्हती. मशीनमा टाकी दिधी."

"आन चेंडू काब्र टाका?"

"मोबाइलमा दखाडतस. कापूस फुली येस म्हणे."

"उशी काय क्रिकेट खेळस का?"

पोरगा हसला. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो. सुनेला बिनडोक म्हणालो. पोरगा आमच्या कळसाडी गावात जन्मला, कापसाच्या ढिगावर लोळून मोठा झाला, आणि कापूस कसा धुवायचा ते याला मोबाइल सांगणार!

उशी तीन दिवस गच्चीवर पडली. चौथ्या दिवशी उसाच्या कुजक्या चोयट्यांसारखा वास यायला लागला. आत नुसते गोळे. तेलाचा वास गेला तो गेलाच.

"आबा, उकिरडावर फेकी द्या," पोरगा म्हणाला. "नवी लई देसू."

"पहिले मले फेक," मी म्हणालो. उशी पिशवीत कोंबली आणि शहाद्याची एसटी धरली. दुसरं काही उरलं नव्हतं माझ्याकडे तिचं.

पिंजारी माझ्याच वयाचा. दुकानात पुढे पोरांनी फोमच्या गाद्या रचलेल्या, हा मागे कोपऱ्यात.

"तू बी फोम इकस? लाज नही वाटस?"

"लाज पोट भरस का, भाऊ?"

त्यानं शिवण उसवली. आत हात घातला, एक गोळा काढला, बोटांनी मोकळा केला आणि थांबला.

"भाऊ, हाई कोनी उशी शे?"

"मन्ही घरवालीनी."

"इनामा तं कवडी शे."

कवडी म्हणजे किडकं बोंड. नीट उमलत नाही, शेवटच्या वेचणीला टरफलासकट ओढून काढावं लागतं. व्यापारी त्याला हात लावत नाही. उशीत तीच होती. सरकी, काड्या, टरफलाचे तुकडे.

"चूक व्हयनी व्हई तिनी," मी म्हणालो.

"कसानी चूक? दरसाल तुन्ही उशी लई ये ती. पहिली वेचणीना कापूस, एक सरकी नही. मी इचारू, भाभी, तुम्हनी उशी कधय लयशात? तं म्हने, मले कडकच बरी वाटस."

मला वाटायचं, दोन्ही उश्या पिंजायला जातात. सुनेला मी बिनडोक म्हणालो. तिनं निदान उशी धुवायला तरी काढली. मी चाळीस वर्षं त्या उशीच्या शेजारी झोपलो, आत हात घालून पाहिलं नाही. उलट गल्लीत तमाशा केला. बिनडोक कोण, ते आता मीच लिहितोय.

"कवडी काढी टाकू?" त्यानं विचारलं. "चांगला कापूस भरी देसू."

"नको. हाईच पिंज."

"मशीनना दात तुटतीन."

"मंग हातवरी मोकळी करूत."

दुपारपर्यंत दोघं म्हातारे गोळे सोडवत बसलो. तो टरफलं बाजूला टाकत होता, मी उचलून परत ढिगात घालत होतो. त्यानं दोनदा बघितलं, मग टाकणं थांबवलं.

आता त्याच उशीवर झोपतो. सकाळी मान अवघडते. सून विचारते, "आबा, नवी लई येऊत का?"

"मले कडकच बरी वाटस," मी सांगतो.

खोटं आहे ते. तीही खोटंच बोलायची.