भूकंपग्रस्तांच्या शाली आणि आमचा निरोप समारंभ

नेपाळातल्या भूकंपग्रस्तांना पाठवायच्या शाली मी एका संध्याकाळी पुण्यातच वाटून टाकल्या. त्याही टाळ्यांच्या कडकडाटात, ध्वनिक्षेपक हातात धरून.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जगाचं आपल्यावाचून अडलंय, अशी माझी पक्की समजूत होती. (हल्ली नातवंडांशिवाय मला फोनसुद्धा लावता येत नाही, त्यामुळे ती जरा सैल झालीय.) सहकारनगरातल्या आमच्या कॉलनीच्या युवक मंडळाची मी अध्यक्ष, आणि शेजारचा रशीद तांबोळी चिटणीस. म्हणजे भाषणं मी करायची आणि कामं त्याने.

माझ्या वर्गात विष्णुमाया नावाची मुलगी होती, नेपाळातल्या डोंगरातून पुण्याला शिकायला आलेली. त्या हिवाळ्यात तिच्या गावाकडे भूकंप झाला. घर पडलं, आणि तिची आजी व धाकटा भाऊ उघड्या शेतात झोपताहेत, असा निरोप आला. रविवारी सकाळच्या गाडीने ती निघणार होती. तिने एवढंच विचारलं, काही पांघरायला मिळेल का? मी म्हटलं, काही काय, ढीग देते!

रशीदचं म्हणणं होतं, पैसे जमवू आणि घोंगड्या घेऊ. पण आमच्या कॉलनीत वर्गणी मागितली की लोक आधी मंडळाची घटना मागत, मग मागच्या गणपतीचा हिशेब. त्यापेक्षा मला शाली सुचल्या. सत्कार झाल्याशिवाय पुण्यातला माणूस निवृत्त होत नाही. कुठल्याही घरचं कपाट उघडा, डांबराच्या गोळ्यांच्या वासात चार शाली घडीसुद्धा न मोडता पडलेल्या असायच्या. देणाऱ्यालाही सोयीचं: अडगळ जाते आणि पुण्य येतं. शनिवारी दुपारपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत शालींचा असा डोंगर झाला की आप्पा, म्हणजे माझे वडील, पेपर आणि खुर्ची घेऊन व्हरांड्यात राहायला गेले.

इथेच मी थांबले असते तर सगळं ठीक होतं. पण समारंभाशिवाय मदत पाठवणं मला बेशिस्तीचं वाटलं. समारंभ म्हटला की त्याचे बाहेरचे अध्यक्ष आले, आणि अध्यक्ष आले की शाल-श्रीफळ आलं. रशीद शाल आणायला बाजारात निघाला, तर मीच त्याला अडवलं. घरात एवढ्या शाली असताना विकत कशाला? जाऊन जाऊन एक जाईल.

संध्याकाळी त्या अध्यक्षांना एक गेली. पाठोपाठ प्रमुख पाहुण्यांची गेली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून परांजपे मास्तर उभे राहिले. हे निवृत्त मुख्याध्यापक. शांतपणे अपमान करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

"आम्ही तीन शाली दिल्या," ते म्हणाले, "अध्यक्षांनी एकही नाही. आणि सत्कार अध्यक्षांचा. चालू द्या."

मुद्दा बिनतोड होता. मी ताबडतोब ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं, की आता प्रत्येक दात्याचा सत्कार होईल. त्यावर ज्या टाळ्या पडल्या त्यांनी माझं उरलंसुरलं डोकं गेलं. लोक रांगेने आले. दाते आले, दात्यांच्या सुना आल्या, ज्यांनी रुमालही दिला नव्हता तेही आले. रशीद दोनदा माझ्या कानाशी लागून काहीतरी सांगायला बघत होता. मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, नारळ पुढे कर.

मास्तरांनी खांद्यावरच्या शालीचा काठ चष्म्याजवळ नेऊन पाहिला. "ही माझीच आहे," ते म्हणाले, "निवृत्तीला मिळाली होती. भाषण तेव्हाही असंच लांबलं होतं."

सरतेशेवटी एक शाल उरली. ती मी मोठ्या दिमाखात विष्णुमायाच्या खांद्यावर घातली. पुन्हा टाळ्या. ती हळूच म्हणाली, "कुमुद, ही एक तरी मी घरी नेऊ ना?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. (बी.ए.ला माझा विषय तर्कशास्त्र होता.)

मग मी आणि रशीद शाली परत मागायला दारोदार निघालो. पहिल्या दारात बाईंनी विचारलं, दिलेला सत्कार परत न्यायची पद्धत कधीपासून निघाली? दुसरीकडची शाल तासाभरात मेहुण्यांच्या साठीला रवाना झाली होती. परांजपे मास्तर मात्र आनंदाने तयार झाले.

"देतो की," ते म्हणाले, "समारंभ कधी ठेवताय?"

मी रिकाम्या हातांनी घरी येऊन रडायला बसले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, शाल मिरवायची असते," ती म्हणाली. "पांघरायला चादर लागते. हे तुमच्या मंडळात एकालाही ठाऊक नाही?"

आणि ती उठली. गाद्यांवरच्या सोलापुरी चादरी निघाल्या, माळ्यावरच्या दुलया निघाल्या, आणि आप्पांची ती जाडजूड रजई, जिला ते आम्हाला हातही लावू देत नसत, तीही निघाली. रशीदच्या अम्मींनी पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या गोधड्या पाठवल्या. सकाळी दोन अगडबंब गाठोडी घेऊन विष्णुमाया गाडीत बसली, तेव्हा भूकंपाचा निरोप आल्यापासून पहिल्यांदा हसली. (परत आल्यावर तिने सांगितलं, की आजीने आप्पांची रजई जी ताब्यात घेतली ती गावातल्या कोणालाही हात लावू दिला नाही. म्हणजे रजई योग्य घरी पडली.)

त्या सकाळी स्टेशनवरून मी मान ताठ करून घरी आले. रशीद पाठीमागून गाठोड्यांच्या उरलेल्या दोऱ्या घेऊन येत होता. आप्पा व्हरांड्यात कोवळ्या उन्हाचा पट्टा शोधून बसले होते. अंगात लग्नातला कोट, डोक्याला माकडटोपी, कोटावरून आईचं नऊवारी लुगडं चौपदरी करून लपेटलेलं, आणि मांडीवर कालचा पेपर पसरलेला. वाचायला नव्हे, पांघरायला. दोन शिंका देऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"कुमुद, तुझ्या मंडळाला माझी एकच सूचना आहे. पुढच्या खेपेला एखादा उष्ण देश बघा."