पोटात गेलेली पांढरी साडी

झाडाला परकर शिवायचा आहे, असं सिस्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्यांच्या औषधांच्या डब्याकडे. आज काही जास्त तर घेतलं नाही ना? पण त्यांनी मोबाईल पुढे केला. परदेशातल्या लेकीनं फोटो पाठवला होता. नाताळचं झाड, आणि त्याच्या बुंध्याभोवती जमिनीवर गोल पसरलेलं, गोधडीसारखं टाचलेलं कापड. तसंच हवं होतं, फक्त त्यांच्या आईच्या साड्यांचं.

सिस्टरबाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अमरावतीत त्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहते. माझं गाव हिवरखेड, दोन बस बदलून जावं लागतं. आठवीत शाळा सुटली, शिवण शिकले आणि राजापेठेत एका दुकानात फॉल-पिकोच्या कामाला लागले. पहिल्याच वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा या बाईंनी रात्रंदिवस माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मी त्यांच्या नजरेखाली आहे म्हणूनच बाबा मला एकटीला इथे राहू देत होते. खोली सुटली की बाबा दुसऱ्या दिवशी न्यायला येणार, हे घरात ठरलेलंच होतं. म्हणून मी त्या घरात पाय वाजवतानाही घाबरायचे.

त्यांनी तीन साड्या दिल्या. एक लाल, एक हिरवी, दोन्हींना जर. तिसरी पांढरी, घडीवर पिवळी पडलेली. म्हणाल्या, सगळ्यात चांगली साडी वर घेजो. मी मान डोलावली. गोधडी मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे चांगलं कापड वर येतं आणि जुनी धोतरं, विरलेली पांढरी लुगडी पोटात जातात. त्यानंच ऊब येते. पांढरं वर कोण लावतं? आमच्या गावात बाईच्या अंगावर पांढरं येतं ते नवरा गेल्यावर.

खडूला दोरा बांधून मी घेर आखला. मधे बुंध्यासाठी भोक, तिथून काठापर्यंत एक चीर, चिरेला बांधायला नाड्या. लाल-हिरव्या पाकळ्या वर जोडल्या. पांढरी साडी हातानंच टराटरा फाडली, तिचे पट्टे आत अंथरले, खाली जुन्या चादरीचं अस्तर घातलं. मग आठ दिवस दुकानातून आल्यावर धावदोरा. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावून सगळीकडून हात फिरवला. सुरेख झालं म्हणाल्या. पुन्हा एकदा फिरवला, उलटून पाहिलं.

"अन् पांढरी कुठी लावली?"

आत आहे म्हटलं, तिच्यामुळेच तर जाडी आली. चांगलं अभिमानानं सांगितलं मी.

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "माह्या आईच्या लगनाची साडी होती ते. मले वाटलं, मधात चांदणी करून लावशीन."

चर्चमधलं लग्न मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे नवरी पांढरी साडी नेसते हे मला कुठून माहीत असणार? मी लगेच ब्लेडच्या पात्याला हात घातला, आत्ता उसवते म्हणाले.

"साबूत निघन का?"

नाही, फाडली मी. त्या उठून आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात शेजारच्या मशीनवरच्या ताईला सगळं सांगितलं. ती चांदूर बाजारची, बौद्ध. तिनं पाय थांबवला. "अवं, माह्या लगनातही पांढरीच होती. आमच्यात पांढरीच राह्यते. चार वर्षं झाले बाजूले बसून राहिली, अन् तुले मालूम नाई?" हसत म्हणाली, पण मला दुसरा धक्का बसला. मी तिला तिच्या लग्नाचं कधी विचारलंच नव्हतं.

दोन दिवस सिस्टरबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी बॅग भरली. बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवत बसले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बॅगेकडे बघितलं.

"गावाले चालली?"

"तुमी म्हणान तसं."

"मी कावून म्हणू? गुडघे दुखून राहिले माहे, झाडाखाली वाकता येत नाई. चाल, नाड्या बांध."

झाड समोरच्या खोलीत उभं होतं. मी पोटावर सरकत खाली गेले, परकर बुंध्याभोवती ओढून घेतला. तेव्हा दिसलं, काठापाशी बोटभर शिवण उसवलेली होती. मी उसवली नव्हती. आतून पांढरं डोकावत होतं. टाके तोडलेले नव्हते, एकेक दोरा हलक्या हातानं ओढून काढलेला होता.

शिवून टाकू का, मी खालूनच विचारलं.

"राहू दे तसंच." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून कापाच्या आधी इचारत जाय मले."

पुढच्या वर्षी. माझ्या हातातली नाडी सुटली. ती चाचपून शोधली आणि पुन्हा गाठ मारली. केसांत चमकी अडकली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि समोर त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"झोपली का व तिथी?"

नाही म्हटलं. पण बाहेर यायला मला आणखी बराच वेळ लागला.