तळहातावरचे ठोके

दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मला आनंदाआधी भीती वाटली. लहानपणी मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले. बोलता येतं, समोरच्याचे ओठ वाचता येतात. पण ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या प्रसूतिगृहात माझं नाव घातलं होतं, तिथे सगळे मास्क लावून बोलत. डॉक्टरबाई सासूबाईंना समजावत आणि सासूबाई दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी पोहोचल्यावर मला एवढंच सांगत, “सगळं ठीक आहे गं.” तपासताना बाळाचे ठोके खोलीभर वाजत असावेत. सासूबाईंचा चेहरा उजळे आणि मी छताकडे बघत पडून राही. आमची कुलदेवी सातेरी. त्या महिन्यांत देव्हाऱ्यासमोर बसलं की मनात एकच येई: जिला लेकराचं रडणं ऐकू येणार नाही, तिच्या पदरात हे का घातलंस? मी हळदकुंकू वाहून उठे.

कळा सुरू झाल्या तेव्हा नवऱ्याला आत सोडलं नाही, मोबाइलही बाहेर ठेवायला लावला. “हिला लिहून सांगा,” असं तो सिस्टरला सांगत होता. तिने मान डोलावली, पण आत गेल्यावर कुणाला सवड? पोटावर बाळाचे ठोके टिपणारा पट्टा बांधला होता, त्याचं मशीन माझ्या डोक्यामागे. दुपारी सिस्टरने तिकडे पाहिलं आणि तिचे डोळे बदलले. डॉक्टरबाई धावत आल्या. मास्कआड सगळे काहीतरी बोलत होते. मी विचारलं, “बाळ आहे ना?” एकीने माझा खांदा थोपटला आणि स्ट्रेचर आणलं. मला वाटलं, गेलं बाळ. मी खाटेची दांडी धरली ती सोडेना. “मास्क काढा, मला कळत नाही,” असं ओरडत होते म्हणे. तेव्हा मनात मागणं उरलंच नव्हतं. एवढंच म्हटलं, आई सातेरी, माझ्याच्याने आता होत नाही. तूच बघ.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती, स्वतःच कळांनी बेजार. ती सलाइनचा स्टँड ओढत माझ्यापाशी आली आणि हातांनी खुणा करू लागली. मूकबधिरांच्या शाळेत शिकले तीच माझी भाषा. बाळ जिवंत आहे. ठोके मंदावतात, म्हणून सिझर करायचंय, लगेच. मग तिने माझा तळहात उघडला आणि मशीनकडे कान देऊन त्यावर बोटाने ठोके देऊ लागली. भरभर, मग सावकाश, मग पुन्हा भरभर. माझ्या बाळाची पहिली ओळख मला अशी झाली. मी दांडी सोडली. “चला,” म्हटलं.

मुलगी झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी क्षणभर मास्क खाली ओढून मला सांगितलं, “रडतेय.”

दुसऱ्या दिवशी ती बाई वॉर्डात भेटली. कल्याणची, नाव सुलभा. आदल्या संध्याकाळी तिला मुलगा झाला होता. तिचा मोठा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा, त्याच्यासाठी ती लहानपणीच खुणा शिकली. तिला खरं तर त्या दिवशी बोलावलंच नव्हतं. सकाळपासून जीव घाबरत होता म्हणून आईच्या मागे लागून ती आधीच आली. मी तिला देवीबद्दल सांगितलं. ती हसली. खुणेने म्हणाली, “आम्ही बौद्ध. देवीचं तू बघ. मला विचारशील तर दादाला थँक्यू म्हण, त्यानेच शिकवलं.” मी देवीला आणि दादाला, दोघांनाही म्हटलं.

शरण जाणं म्हणजे गप्प पडून राहणं, असं मी समजत होते. पण त्या दिवसापासून माझ्यातली भीड गेली. पुढच्या तपासणीला सासूबाई डॉक्टरबाईंसमोरच्या नेहमीच्या खुर्चीत बसायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, “आई, आज मी बसते.” आणि डॉक्टरबाईंना सांगितलं, “माझ्याशी बोलताना मास्क खाली घ्याल का?” त्या ओशाळल्या, पण घेतला. तेव्हापासून घेतात.

मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. कळव्याहून एक बाई आली आहे, ऐकू येत नाही, फार घाबरली आहे, येतेस का? मुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. त्याच म्हणाल्या, “जा तू, मी आहे.” मी चपला घातल्या, देवीला हात जोडले आणि निघाले.