दुसऱ्याचा दहावीचा पेपर

आमच्या क्लबाला पाहुणा वक्ता मिळणं ही एकेकाळी मोठीच पंचाईत होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सभा भरायची. रायपूर तेव्हा भोपाळच्या हाताखालचं लांबचं गाव. मोठी माणसं सगळी तिकडे. मग कोणाकडे नागपूरहून जावई आला, की त्यालाच शनिवारी धरून आणायचं आणि हार घालून उभं करायचं. तो ज्या कशात नोकरीला असेल, त्यावर बोलायचा. एका जावयानं बॉयलर या विषयावर इतकं सांगितलं, की पुढच्या उन्हाळ्यात क्लबातले निम्मे लोक त्या घरावरून जाताना रस्ता बदलायचे.

मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि एका रात्रीत शहरात संचालक, सचिव, आयुक्त यांचं पीक आलं. आमचे अध्यक्ष काका निवृत्त प्राध्यापक. त्यांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. या शनिवारी पाटबंधारे, पुढच्या शनिवारी वनखातं! दिव्याच्या गाड्या आमच्या गल्लीत शिरायच्या आणि हमखास गाईंमागे अडकायच्या. साहेब उतरून चालत यायचे, तेवढ्या वेळात आम्ही खुर्च्या सारख्या करून घ्यायचो. भाषण हिंदीत, प्रास्ताविक मराठीत, आणि शेवटी आलूगुंडा, म्हणजे तिकडचा बटाटेवडा, नि चहा. साहेब काय बोलले ते आता एक अक्षर आठवत नाही. आलूगुंड्यावरची लसणाची चटणी मात्र अजून जिभेवर आहे.

सेवाही आम्ही जोरात करायचो. दवाखान्यात फळं वाटायची, थंडीत कांबळी वाटायची, उन्हाळ्यात पुरानी बस्तीच्या तोंडाशी प्याऊ, म्हणजे पाणपोई, लावायची. तेलीबांध्याकडे नव्या वसाहती उठत होत्या, तिथे आम्ही झाडं लावली. ती बकऱ्यांनी खाल्ली. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खड्ड्यांत लावली, तीही खाल्ली. अध्यक्ष काका म्हणाले, बकऱ्यांचीही सेवा झाली म्हणा.

माझे बाबा सरकारी कचेरीत होते आणि क्लबाचे सचिव होते. आई सभासद नव्हती, पण तिच्यावाचून सभा होत नसे. हॉलबाहेरच्या काळ्या फळ्यावर वक्त्याचं नाव आणि विषय ती खडूनं लिहायची. तिचं अक्षर असं, की येणारा साहेब आधी फळ्यापाशी थांबून आपलं नाव वाचायचा. मग ती मागच्या खोलीत चहाला लागायची. भाषण ती दारातूनच ऐकायची. कोणी विचारलं तर बाबा सांगायचे, "आमच्या घरची मंडळी मॅट्रिक आहे." ते ऐकलं की आई पदर खोचून कपबशा विसळायला जायची. मला वाटायचं, लाजते.

मी दहावीत असताना दुपारी ती माझी पुस्तकं वाचत बसायची. मी चिडवायची, "आई, एवढं मॅट्रिक होऊन पुन्हा काय वाचतेस गं?" ती म्हणायची, "विसरली सारं. पाहून राहिली." मी तेव्हा एवढी हुशार, की मला यात काहीच दिसलं नाही.

पुढे मी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात अंधशाळेतले संगीताचे सर पाहुणे म्हणून आले. ते स्वतःही पाहू शकत नव्हते. एकटेच सायकलरिक्षातून आले, काठीनं उंबरा चाचपून आत शिरले. अध्यक्ष काकांनी त्यांच्या त्यागावर लांबलचक बोलून घेतलं. सर उठले आणि हसून म्हणाले, "आप लोग हर साल फल देते हैं, कंबल देते हैं. बच्चों को केले बहुत पसंद हैं. लेकिन दसवीं केले से पास नहीं होती. हमको लिखने वाले चाहिए."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांची मुलं वर्षभर ब्रेलमध्ये शिकतात, पण बोर्डाच्या परीक्षेत शेजारी बसून कोणाला तरी पेनानं उत्तरं लिहून द्यावी लागतात. मूल सांगेल तेच आणि तेवढंच लिहायचं. एरवी नववीतली मुलं मिळत, पण त्यांच्या स्वतःच्या परीक्षा त्याच दिवसांत, म्हणून आईबाप नाही म्हणू लागले होते. त्या वर्षी एक मुलगी दहावीला होती, आणि लिहिणारं कोणी मिळालं नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. घरचे आधीच म्हणत होते, आता पुरे, घेऊन जातो गावाला.

क्लब एकदम हलला. असा उत्साह मी झाडं लावतानाही पाहिला नव्हता. कोणी म्हणालं मी एम.ए., कोणी म्हणालं माझी सून बी.एड., वकील काकांनी तर इंग्रजीचा पेपर आपल्याकडे असं जाहीरही करून टाकलं. मीही हात वर केला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माफ़ कीजिए. नियम है, लिखने वाला नौवीं से ज़्यादा पढ़ा हुआ न हो. नहीं तो बोर्ड कहेगा, जवाब उसी ने दिए." आणि विचारलं, "आपमें से कोई कम पढ़ा-लिखा है?"

इतकी शिकलेली माणसं एका हॉलात, आणि कोणाचाच उपयोग नाही. कमी शिकलेलं कोण आहे, असं त्या हॉलात कधी कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी कोण कबूल झालं असतं? सगळे एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्ष काका म्हणाले, कोणाच्या घरी कामवाली वगैरे असेल तर पाहू.

तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "सर, मैं नौवीं पास हूँ. दसवीं में बैठी नहीं. मैं लिखूँगी."

तिच्या हातात चहाचा ट्रे होता. अध्यक्ष काका गोंधळून म्हणाले, "अहो वहिनी, तुम्ही तर मॅट्रिक ना?"

"नाई भाऊजी. तसं हे म्हणतात," आई म्हणाली आणि ट्रे घेऊन पहिल्या रांगेपासून चहा द्यायला लागली. बाबा स्टेजवर बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला खालून दिसत होते. मला त्यांची दया आली आणि आईचा असा अभिमान वाटला, की तिथेच जाऊन तिला मिठी मारावी.

घरी आल्यावर बाबांनी सभेची वही कपाटात ठेवली. मग म्हणाले, "साऱ्यायसमोर काहून सांगतलं? मले एकट्याले सांगतलं असतं."

"तुमाले तं माहीतच होतं," आई म्हणाली.

ते खरं होतं. लग्न जमवणाऱ्यानं मुलगी मॅट्रिक आहे म्हणून सांगितलं होतं. खरं तर दहावीचं वर्ष सुरू झालं आणि तिचे वडील वारले, तेव्हा तिला शाळेतून काढलं. लग्नानंतर बाबांना कळलं. त्यांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही, पण बाहेर मात्र मॅट्रिकच सांगत राहिले. तिची लाज राखतो आहोत असं त्यांना वाटायचं. आणि तिला प्रत्येक वेळी ते टोचायचं, हे त्यांना त्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

मामानं वर्ध्याकडच्या तिच्या शाळेतून दाखला आणून दिला आणि सराव सुरू झाला. मुलगी दुपारी आमच्याकडे यायची. महानदीकाठच्या खेड्यातली, सडपातळ, बोलायला धीट. आईला काकी म्हणायची. ती घडाघडा बोलायची आणि आई लिहायची. सुरुवातीला आईची फार तारांबळ उडायची. "अवं पोट्टे, जरा हळू! तुह्यं तोंड आहे का मोटर?" मुलगी खळखळून हसायची आणि "हव, काकी" म्हणून पुन्हा तशीच सुटायची. हळूहळू दोघींचा मेळ बसला. मुलीनं श्वास घेतला, की आई ओळ बदलायची. दारात बसून मी ते बघायची आणि माझा अभ्यास तसाच राहायचा.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी स्कूटर पुसून काढली. आईला मागे बसवून ते केंद्रावर सोडायला गेले. आईनं नवी साडी नेसली होती, आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. परीक्षा तिचीच असल्यासारखी.

सामाजिक शास्त्राच्या पेपरहून ती परत आली ती रडवेली. चप्पलही न काढता खाटेवर बसली. महानदी कोणत्या समुद्राला मिळते, असा एक साधा प्रश्न होता. मुलगी घाबरली होती, तिनं सांगितलं अरबी समुद्र. "तिच्या गावची नदी हो!" आई म्हणाली. "माह्या हातातला पेन थांबला. बंगालची खाडी, एवढं म्हटलं असतं तं कोनाले समजलं असतं? पर्यवेक्षक तं खिडकीपाशी होता. अन् मी लिहिलं. अरबी समुद्र लिहिलं, माह्या हातानं."

बाबा म्हणाले, "एका प्रश्नानं काय होते?" पण आई त्या दिवशी जेवली नाही. निकाल लागेपर्यंत ती देवापुढे बसली, की मला ठाऊक असायचं ती कशासाठी बसली आहे. पोरगी नापास झाली, तर गावाला जाणार होती.

मुलगी दुसऱ्या श्रेणीत पास झाली. सरांचा हात धरून पेढे घेऊन आली. आईचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "काकी, महानदी वाला गलत था न?"

आई दचकली. "तुझे कैसे पता?"

"आपका पेन रुका था. मैं तभी समझ गई. पर आप बदल देतीं तो जवाब मेरा कहाँ रहता, आपका हो जाता."

सर हसले. आईनं तिला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. बाबांनी उगाच पेपर उघडून तोंडासमोर धरला.

पुढच्या वर्षी दुसरी मुलगी आली, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. दर मार्चमध्ये आमच्या घरात कोणाची ना कोणाची दहावी असायची. क्लबात पाहुणे येत राहिले, साहेब बदलत राहिले. नव्या सभासदांना बाबा आता सांगायचे, "आमच्याकडे दहावीचे पेपर लिहितात," आणि आई पदर न खोचता तिथेच उभी राहायची. ते दिवस आठवले की मला आधी खडूचा आणि उकळत्या चहाचा वास येतो, आणि मग पडवीत सतरंजीवर बसून मोठ्यानं उत्तरं सांगणाऱ्या त्या मुली ऐकू येतात. आमच्या घरानं एवढं चांगलं दुसरं काही ऐकलं नसेल.

एकदा बाबांच्याच मनात आलं. म्हणाले, "तू काहून बसत नाही? मोठ्या मानसांसाठी बाहेरून परीक्षा देता येते. तुले तं सारा अभ्यास पाठ आहे. लोकायचे पेपर लिहिते, एक आपला लिही."

आईचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, झालं, आता ही बसणारच. दोन-तीन दिवस ती स्वतःशीच हसत होती. कपाटातून तिनं माझं गणिताचं जुनं पुस्तकही काढलं. मग एका दुपारी पोळ्या लाटताना विचारलं, "मी दहावी पास झाली तं मले तिथं लिहू देतीन का?"

"नाई," बाबा म्हणाले. "नियम आहे ना."

"मंग राहू द्या."

मी भडकले. म्हटलं, आई, आयुष्यभर तुला हे हवं होतं, आता समोर आलंय तर नको म्हणतेस? त्या मुलींना कोणीतरी मिळेल.

"कोन मिळीन?" ती म्हणाली. "तुमी सारे तं शिकले." मग तिनं लाटणं खाली ठेवलं. "तुले काय वाटते, मले नको आहे? मले पाहिजे आहे बाई. लई पाहिजे आहे. पन दोन्ही होत नाई ना."

मी तिनं लाटलेली पोळी घेऊन तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी त्या वर्षीच्या मुलीचा हिंदीचा पेपर होता. सकाळी बाबांनी स्कूटर काढली आणि माझी नववी पास आई नवी साडी नेसून दहावीच्या परीक्षेला गेली.