बोट वर करणारा साडू

साधं वाक्य बोलून सुखरूप घरी जाणं ज्याच्या समोर अशक्य आहे, असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इंग्रजी शिकवण्यावरच आमची दोघांचीही पोटं चालतात; माझं ज्युनिअर कॉलेजात, त्याचं राजारामपुरीतल्या स्वतःच्या क्लासमध्ये. बारावीला कवितेवर ‘फिगर ऑफ स्पीच ओळखा’ असा प्रश्न असतो. मी तो शास्त्रशुद्ध शिकवतो. आधी व्याख्या, मग उदाहरण, मग स्पष्टीकरण. ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, ते नसताना एक वस्तू दुसरीच होऊन बसली की मेटॅफर. पोरं मुकाट्यानं उतरवून घेतात. साडू मात्र फळ्याकडं पाठ करून विचारतो, “आज घरात कोण काय बोललं, सांगा बघू.” मग तासभर क्लास खिदळत असतो आणि ते खिदळणं मला खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतं. मी त्या रस्त्यानं मुद्दाम जात नाही. वाटेतच पडतो तो.

त्याची खोड अशी, की समोरचा काहीही बोलत असला तरी त्यातला अलंकार हाताला लागताच हा उजव्या हाताचं बोट वर करतो आणि त्याचं इंग्रजी नाव जाहीर करतो. एकदा आम्ही सगळे गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं धारेचं दूध प्यायला गेलो होतो. म्हशीच्या मालकानं ग्लास पुढं केला आणि म्हणाला, “पावणं, ह्या दुधाची साय अशी घट्ट धरती की वर कुस्ती लावा.” साडूचं बोट वर. “हायपरबोली.” मालक शांतपणे म्हणाला, “न्हाय वं, म्हशीची जात मुऱ्हा हाय.” माझी लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. याच हायपरबोलीवर, म्हणजे अतिशयोक्तीवर, मी आदल्या आठवड्यात तिचा अख्खा रविवार खर्ची घातला होता आणि तेव्हा ती जांभया देत होती. बरं, हा स्वतःलाही सोडत नाही. त्याची जुनी स्कूटर सिग्नलला बंद पडली की सुरू व्हायला तयार नसते. “बाई, आज तरी अब्रू राख,” असं तिला विनवतो आणि किक मारायची सोडून स्वतःवरच बोट उगारतो. “अपॉस्ट्रॉफी. निर्जीवाला हाक मारली.” तोवर मागं वाहनांची रांग लागलेली असते.

गडहिंग्लजला सासऱ्यांच्या पंक्तीत तर त्यानं कहर केला. सासरे कौतुकानं चारचौघांत म्हणाले, “थोरला जावई शिकलेला हाय, धाकटा शहाणा हाय.” एवढ्यात शेजारून बोट वर आलं. “अँटिथेसिस, मामा. दोघांना समोरासमोर उभं केलंत. एक नंबर.” सगळे हसले. पीएचडी मी केली आहे, पण वाक्य माझ्यावर असल्यामुळं मला ते ओळखता आलं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो.

पण खरा घाव लेकीनं घातला. बारावीत गेल्यावर ती म्हणाली, “पप्पा, तुमचं बरोबर असतंय, पण काकांचं ध्यानात राहतंय. मी त्यांच्या क्लासला जाऊ?” जा म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सरळ सांगतो, मी जळालो. संध्याकाळी परत आल्यावर ती आईच्या बोलण्यातले अलंकार पकडायची, मायलेकी हसायच्या, आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासत असायचो. पुढं इंग्रजी साहित्यच शिकायचं ठरवून ती पुण्याला निघाली. स्टँडवर माझ्या पाया पडली आणि साडूच्या गळ्यात पडली. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. “काय चाललंय दाजी?”

“काय नाही रे,” मी बोलून गेलो, “घर खायला उठतंय.”

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं. घराला भूक लागली होती, घर उठून बसलं होतं. ढ पोरानंही ओळखावं असं पर्सॉनिफिकेशन मी आयतं त्याच्या हातात दिलं होतं. मी वाट बघत राहिलो. त्यानं ते नाव घेतलं असतं तर मी चिडलो असतो, आणि तेवढीच संध्याकाळ बरी गेली असती.

“व्हय की,” तो म्हणाला, “आमच्यात बी तसंच झालंय. थांबा, आलोच.”

साडूला मूलबाळ नाही. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण त्या संध्याकाळपर्यंत मी त्यावर कधी विचार केला नव्हता. थोड्या वेळानं खाली स्कूटर थांबली. तो आत आला, लेकीच्या खुर्चीकडं एकदा बघून पलीकडच्या स्टुलावर बसला. बायकोनं चहा ठेवला. आम्ही दोघं इंग्रजीचे मास्तर चहाचं उकळणं ऐकत बसलो होतो, आणि यानं आता एकदा तरी बोट वर करावं, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.